अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि लीगची तिजोरी

प्रिय भाऊजी,

नात्याने मोठी म्हणून आशीर्वाद, आणि तुमचे केस माझ्याआधी पिकले म्हणून नमस्कारही. गुडघा कसा आहे? व्यायाम नियमित करतो असं तुम्ही जाऊबाईंना सांगत असाल, तर मीही तसंच धरून चालते.

हे पत्र मी भुवया रेखायच्या पेन्सिलीने लिहिते आहे, याचा जाब इतिहासाने कधीतरी कुणाला तरी विचारावा. बुद्धिबळवाले चाली टिपून ठेवतात आणि टिपून झाल्या की माझं पेन खिशाला लावून घरी जातात. (टोपण तेवढं टेबलावर ठेवतात. प्रामाणिकपणाची ज्याची त्याची पातळी.)

तर आमच्या हौशी लीगची मी खजिनदार झाले. हिला खेळातलं ओ की ठो कळत नाही म्हणून ही निःपक्षपाती, असं तुमच्या बंधूंनीच भर सभेत सांगितलं. तिजोरी म्हणून बिस्किटांचा डबा हाती आला. आत एक रबरबँड आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची चिठ्ठी. सामने होतात ती खोली त्याचीच, त्याच्या ऑफिसच्या वर. थकलेलं भाडं फायनलच्या आत आलं नाही, तर फायनलला कुलूप. आणि इकडे तुमचे बंधू जन्मात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचलेले. आरशासमोर विजयी हस्तांदोलनाचा सराव चालू.

वर्गणी मागितली की या मंडळींना फोन ऐकू येत नाही. पण नियमावली चाळताना मला घबाडच सापडलं, भाऊजी. समोरच्याविरुद्ध तक्रार करायची तर आधी रोख अनामत भरायची. तक्रार खरी ठरली तर परत, नाही तर लीगची. म्हणजे वर्गणीला हात आखडणारा माणूस भांडायला उभ्या उभ्या पैसे काढतो. मी पदरच खोचला. कोण कुठे बसणार हेही माझ्याकडेच, तेव्हा गुणगुणणाऱ्या दंतवैद्यांसमोर रिटायर हेडमास्तरांना बसवलं. (वर्गात टाचणी पडली तरी चौकशी लावणारा माणूस.) करकरणारी खुर्ची दर वेळी नव्या बळीला. पंच आमचे विमा एजंट, दावा मान्य करायची त्यांना सवयच नाही. डबा असा भरत गेला की मी जाता-येता नुसता हलवून बघायची. उपांत्य फेरीच्या सकाळी मोजलं, तर भाड्याला फक्त एक तक्रार कमी.

आणि ती आली. आमचे हे विरुद्ध हेडमास्तर. ह्यांनी उंट धरला, घाम पुसला, उंट सोडला आणि वजीर हलवला. ज्याला हात लावला तेच चालवायचं, हा नियम एव्हाना मलाही पाठ. हेडमास्तरांनी अनामत टेबलावर आपटली.

"हात नाही हो, बाही लागली," हे म्हणाले.

पंच वळले माझ्याकडे; डबा घेऊन शेजारी मीच. "वहिनी, तुम्ही पाहिलंत?"

नुसतं "बाही" म्हटलं असतं, तर नवरा फायनलला, भाडं पुरतं आणि आठवडाभर आयता चहा. मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "अहो, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाची बाही पटापर्यंत पोचते कशी?"

अनामत परत. उंट हलवावा लागला आणि थोड्याच चालींत हे गारद. घरी येताना एवढंच बोलले, "एरवी मी काय घातलंय ते तुझ्या लक्षातसुद्धा येत नाही."

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. फायनलच्या रविवारी ह्यांना तुमच्याकडे बोलवून घ्या. नळ गळतो म्हणा, कपाट सरकवायचं म्हणा. त्यांना वाईट वाटतंय म्हणून नव्हे. दंतवैद्य आणि हेडमास्तरांचा सामना मला निवांत बघायचा आहे, आणि हे शेजारी बसून उसासे टाकतात. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की वजीर होतं, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

ता. ता. क. कुलूप लागणार नाही. कमी पडत होते तेवढे आज सकाळी माझ्या पर्समधून डब्यात घातले आणि भाडं देऊन आले. पावती लीगच्या नावाने घेतली आहे. ह्यांच्याकडे बोलू नका.