पहिला मांडव भाविकाचा

धुळे, १८ जून २०२३

चि. योगराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवरचं डोक्यात राहत नाही, लिहून पाठव, म्हणजे आपल्या गड्याला, भिकनला वाचून दाखवता येईल, असं म्हणालास म्हणून हे पत्र. माझ्या रोपवाटिकेतले झॉयसिया गवताचे ठोंब उद्या टेम्पोने असोद्याला पोचतील. आधी हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढा. वितीवितीवर लावा, सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी द्या, निंदणी हातानेच करा. हे गवत हळू पसरतं, वर्षभर त्यावर पाय पडू देऊ नका. थंडीत ते तांबूस पडेल, मेलं म्हणून उपटू नका आणि तुडवूही नका. थंडीत तुडवलेलं लवकर भरून येत नाही.

आईची केळीची बाग मोडून तू लग्नाचं लॉन करतोस, याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बागेतल्या माझ्या वाट्याच्या हक्कसोडीवर सही करताना मी एकच मागितलं होतं, तिथला पहिला मांडव माझ्या भाविकाचा. तू हो म्हणालास. मला तेवढं पुरे.

माया आहे तशी राहू दे.
तुझी अक्का, ज्योत्स्ना

असोदा, ९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं गवत सगळं भरलं. गावातली म्हातारी माणसं रोज पाहायला येतात आणि याला पीक काय लागतं म्हणून विचारतात. मी सांगतो, नवरे-नवऱ्या लागतात. भिकनने पाटी लावली आहे आणि स्वतः चपला हातात घेऊन कडेकडेने जातो. एवढं तर आम्ही केळीच्या घडालाही जपलं नाही. तुझं पत्र मी ऑफिसात भिंतीला चिकटवून ठेवलं आहे.

भाविकाला स्थळ पाहा लवकर. मांडव तिचाच पहिला, यात बदल नाही.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझा योगराज

धुळे, ५ नोव्हेंबर २०२४

चि. योगराज यास,
अ. उ. आ.

भाविकाचं ठरलं! मुलगा शिंदखेड्याचा, प्रेमराज. तारीख १५ डिसेंबर. मुलाकडच्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं की लग्न माझ्या माहेरच्या लॉनवर होईल. माझ्या सासूबाई मात्र पुटपुटल्या, "सही तू करी दिन्ही, आते गवत बी तुनं नही." मी त्यांच्यावर चिडले. माझा भाऊ तसा नाही म्हणाले.

थंडीने गवत तांबूस असेल, असू दे. तुडवलं गेलं तर मी स्वतः येऊन नवे ठोंब लावून देईन.

वाट पाहते.
तुझी अक्का

असोदा, २० नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तारीख वाचून आनंद झाला आणि पंचाईतही झाली. थंडीत गवत तुडवू नका, हे तूच लिहिलं आहेस. भिंतीवरचं पत्र पुन्हा वाचलं. दीड वर्षाची मेहनत एका दिवसात मातीत घालू नकोस. फाल्गुनात धरा, नाहीतर धुळ्यातच एखादा हॉल पाहा. यंदाच्या थंडीत मी इथे कुणालाच पाय ठेवू देणार नाही, मग सख्खी भाची का असेना.

राग मानू नये. मामा म्हणून मी पाठीशी उभा आहेच.
तुझा योगराज

धुळे, १९ डिसेंबर २०२४

योगराज,

लग्न पार पडलं. हॉल बरा होता. तू उशिरा का होईना आलास आणि अंतरपाटाशी भाविकाच्या मागे उभा राहिलास. तिच्या शालूचा काठ सारखा करायला मी खाली वाकले, तर तुझ्या पांढऱ्या पायजम्याच्या कडा हिरव्या दिसल्या. मला वेडीला आधी आनंदच झाला, माहेरचं गवत आलं म्हणून. मग आठवलं, आठवडाभर कडाक्याची थंडी आहे आणि माझ्या रोपवाटिकेतलं हेच गवत वाळल्या कडब्यासारखं झालं आहे.

मंगलाष्टकं संपल्यावर भिकनला गाठलं. तो गाडीपाशी ताट घेऊन बसला होता. मी विचारल्यावर त्याने घास खाली ठेवला. आदल्या संध्याकाळी लॉनवर एका ठेकेदाराच्या मुलीचं लग्न झालं. गवत मेल्यासारखं दिसतं म्हणून तू भिकनकडून केळीवर फवारायच्या पंपाने त्यावर हिरवा रंग मारून घेतलास. तो वाळायच्या आत पाहुणे आले, आणि तू तिथूनच त्याच कपड्यांत इकडे आलास. आणि तारीख तू त्यांना माझं नोव्हेंबरचं पत्र येण्याआधीच देऊन बसला होतास. हे सांगताना भिकन रडला रे. त्याचा काय दोष होता?

मांडवात मी बोलले नाही, कारण भाविका तुझ्या पाया पडत होती. सासूबाईंना सगळं कळलं, आणि त्यांनी पंगतीत आधी माझ्याच ताटात वाढलं. त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला फसवलंस याहून माझ्याच अक्षराने फसवलंस, हे फार लागलं.

होळीपर्यंत गवतात टकलं पडतील आणि तू मला विचारशील, म्हणून आत्ताच लिहिते. युरिया टाकू नकोस. दबलेली माती हलकी कर, थोडं पाणी दे आणि थांब. ठोंब मी पाठवणार नाही.

तुझा पायजमा तू इथेच बदलून टाकून गेलास. तीन पाण्यांतून काढला, तरी रंग जात नाही. उद्या पार्सलने पाठवते.

ज्योत्स्ना