जिवंतांच्या वाळूत

अर्गिरिस, बाळा,

पाचव्या वर्षी मावशीबरोबर ग्रीस सोडून ऑस्ट्रेलियाला गेलास, तेव्हा आपल्या गावाचं नाव तेवढं तुझ्याबरोबर गेलं. पण अगिया मरीना नावाचं गाव डोंगरापलीकडेही आहे. यंदा जत्रेला तू तिथेच उतरलास. तिथलीही एक थोमाई होती, ती वारलेली. तीच मी, असं समजून तू तिथल्या चर्चमध्ये खालच्या तबकात, मृतांच्या वाळूत, मेणबत्ती लावलीस आणि परत गेलास.

काल तिथले पाद्रीबाबा भेटले. म्हणाले, "अगं बाई, तू जिवंत? भाऊ तर तुला पोचवून गेला!"

तुझा पत्ता कुणाकडेच नाही, म्हणून हे पत्र आपल्या चर्चमधल्या संत मरीनाआईच्या तसबिरीमागे ठेवते. वरच्या तबकात, जिवंतांच्या वाळूत, तुझी मेणबत्ती लावली. धुपाच्या धुरात तू पाच वर्षांचाच दिसलास. पुन्हा आलास तर बसवाल्याला सांग, जिथून समुद्र दिसतो त्या अगिया मरीनाला उतरव. मी ओट्यावरच बसलेली असेन.

तुझी ताई,
थोमाई