करपा कोणाच्या बांधीत?

नवेगाव बांध,
४ ऑक्टोबर २०१२

आदरणीय मामाजी,

भूमेश्वरीचा प्रणाम. यंत्र शिकतं म्हणजे त्याला नेमकं काय कळतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी (घरातली पहिली ग्रॅज्युएट!) विषयच बदलला. पण ते शिकतं कसं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. (तुमचा गुडघा कसा आहे? मामीजींना नमस्कार.)

आपल्याकडची सोयरिकीची बैठक आठवा. प्रत्येक जण मत देतो, पण प्रत्येकाच्या शब्दाचं वजन वेगळं. न्यूरल नेटवर्क म्हणजे कॉम्प्युटरमध्ये भरलेली अशीच बैठक. फोटोतले ठिपके आकडे होऊन पहिल्या रांगेकडे जातात, ती पुढच्या रांगेला कळवते, शेवटची रांग निकाल देते. निकाल चुकला की चूक उलट्या दिशेने मागे जाते आणि ज्याने जेवढं चुकवलं तेवढं त्याचं वजन बदलतं. (आपल्या बैठकीत एवढंच होत नाही.) हे हजारो वेळा. अशी जाळी पाकिटावरचे पिनकोड वाचतात, मामाजी! मग धानाच्या पानावरचा करपा का नाही ओळखणार? वेळेत ओळखला तर फवारणी वेळेत होईल. माझा एमसीएचा प्रोजेक्ट हाच.

रोगट पानं मागितली तर बाबा म्हणाले, "आपल्या बांधीतला करपा कॉलेजाले कायले दाखवतेस? उदारामच्या बांधीत जा." म्हणून निरोगी पानं सगळी आपल्या शेतातली, बाबांच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर ठेवलेली, रोगट सगळी शेजारच्या उदारामकाकांची, त्यांच्या तांबड्या गमछ्यावर. शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. मी आनंदाने काकांनाच बोलावलं. त्यांनी हिरवंगार पान गमछ्यावर ठेवलं. यंत्र म्हणालं, रोग. आपलं करपलेलं पान दुपट्ट्यावर ठेवलं. यंत्र म्हणालं, निरोगी. ते पान नव्हे, कापड बघून राहिलं होतं.

काका म्हणाले, "मशीन तं तुया बापावरच गेली, बाई." आणि चहा न घेता उठले. चार दिवस झाले, काका आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा आहे.

तुमची,
भूमेश्वरी

ता.क. १ : आपल्या बांधीतल्या करप्याचे फोटो काढू द्या, असं बाबांना तुम्हीच सांगा. तुमचं ते ऐकतात.

ता.क. २ : पाकीट चार दिवस तसंच राहिलं, म्हणून हे लिहिते. बाबांना सांगू नका. काल सकाळी मी आपल्या बांधीतली साठ करपलेली पानं आणि काकांच्या बांधीतली साठ निरोगी पानं एकाच गोणपाटावर ठेवून फोटो काढले. पानं काकांनी धरली. यंत्राला पुन्हा शिकवलं. आता शंभरात एक्याऐंशीच बरोबर येतात, पण ती पानं बघून येतात. अहवालात "करपा : टिकाराम यांची बांधी" असं बाबांच्या नावानिशी लिहून आज कॉलेजात देऊन आले.