धावणारी आणि बसणारा

१३ नोव्हेंबर २००९
प्रयोगाची चिठ्ठी निघाली. मी धावणार, धनंजय बसणार! नवराबायकोच्या जोड्याच घेतल्यात – घर एक, जेवण एक, फरक फक्त धावण्याचा. रोज धावल्याने मेंदूला पोसणारं प्रथिन रक्तात वाढतं का, जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदलतात का, हे विद्यापीठाला बघायचंय. मला एवढंच बघायचंय की माझं आईसारखं होणं टळेल का. परवा पुण्याला फोन केला तर तिने विचारलं, "कोण बाई आपण?"

धनंजय खूश. "बसायचा अनुभव आहे मला. मंदी आल्यापासून ऑफिसात तेच करतोय."

२ डिसेंबर
पाण्याचा ग्लास मागितला, तर धनंजय इथल्या अरबांच्या थाटात म्हणतो, "सॉरी हबीबी, मी उठलो की सायन्स खलास."

अवनी म्हणते, "आई, यू रन लाइक अ पेंग्विन." लेकीला इंग्लिश मीडियममध्ये घातलं ते याचसाठी.

९ जानेवारी २०१०
आज निम्मं अंतर नुसती चालले. प्रयोगाच्या डॉक्टर बदरुन्निसा, त्यांना फोन करून कळवलं. हसल्या. "इतना चलता है, मॅडम." त्यांना चालतं. मला दिवसभर टोचत राहिलं.

११ मार्च
रक्ताचे निकाल. मी हट्ट धरला म्हणून डॉक्टरांनी सांगितले. माझं प्रथिन होतं तिथेच, खुणाही जवळपास त्याच. धनंजयचं मात्र वाढलंय, खुणाही बदलल्यात – सोफ्यावर बसून!

"भाईसाब, छुपके दौडते हैं क्या?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"रिमोट के पीछे," धनंजय म्हणाला.

रक्ताच्या नळ्या बदलल्या असणार. डॉक्टरांना तपासायला सांगावं का? पण मला प्रयोगाची काळजी आहे, की ते चांगलं रक्त माझं असावं ही हाव? दोन्ही असेल. फोन केलाच.

१४ मार्च
नळ्या बरोबर आहेत. ज्याचं रक्त त्याचंच.

म्हणजे धनंजय लबाड. मी इतके महिने घाम गाळायचा आणि हा गुपचूप धावून सगळं नासवणार. संध्याकाळी येऊ दे घरी.

१५ मार्च
धावत होता. डिसेंबरपासून, माझ्या मागे, अंतर ठेवून. एका सकाळी दूध आणायला निघाला, तर मी शेजारच्या गल्लीतल्या परक्या व्हिलाच्या दाराला आपली किल्ली लावत होते म्हणे. नंतरही तीन-चारदा. दर वेळी त्याने हाक मारली, आम्ही दोघं हसलो आणि घरी आलो.

मला यातलं काहीच आठवत नाही.