कापडाच्या जागी पक्की भिंत

दुसरी भिंत अर्ध्यातच अडकली आहे, अब्बा, आणि मी ती खांद्यावर तोलून तसाच उभा आहे. पहिली नीट आडवी झाली. ही तिच्यावर निजायला हवी होती, हिच्यावर उरलेल्या दोन, आणि मग छत. पण डाव्या कोपऱ्यात ती चौकटीला घासते आणि थांबते. वेल्डिंगवाला पठाण, ज्याच्या दुकानामागे मी दर शुक्रवारी हे काम करतो, खाली वाकून कोपरा बघतो. मग माझा नकाशा उचलतो आणि एक डोळा मिटून समोर धरतो. "इंजिनियर साब, काग़ज़ तो एकदम सीधा है. गाड़ी टेढ़ी है." तो नकाशाची घडी घालून माझ्या खिशात ठेवतो. "अब काग़ज़ पे बिठाओ अम्मा को."

गाडी म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचा डबा. मिटवला की कमरेइतका उंच. हँडल फिरवलं की छत वर जातं, चारी बाजूंनी कापड ताणलं जातं आणि आत दोन माणसं निजू शकतात. ऑफिसातला एक सहकारी हे तबूक शहर कायमचं सोडताना तो माझ्या दारात ठेवून गेला. कापड उन्हाने पापडासारखं झालं होतं. हिवाळ्यात एका दुपारी अम्माला त्यात घेऊन शहराबाहेर गेलो, वारा सुटला आणि शिवणीशिवणीतून धूळ आत आली. ती चार दिवस खोकत होती. तेव्हा ठरवलं, कापड काढायचं आणि पक्क्या भिंती बसवायच्या. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल, आमच्या साइटवरच्या केबिनना लावतात तेच. चार भिंती, चारींना बिजागऱ्या, एकीवर एक निजतील अशा.

अम्मा तीन महिन्यांच्या व्हिसावर आली आहे. येताना तिने एकच मागितलं होतं, जेद्दाला न्यायचं, तुम्ही आहात तिथे. मी म्हणालो, बायकांना कब्रस्तानात सोडत नाहीत. "माहीत आहे मला. भिंतीबाहेर उभी राहीन." विमानाने जाऊ म्हटलं तर म्हणाली, "येताना बसले तेवढं पुरे. कानाचे दडे अजून सुटले नाहीत. आणि हा मुलूख बघू दे की जरा. बावीस वर्षं माझा माणूस इथे होता." पण तिला फार वेळ बसवत नाही. दोन तासांनी पाठ टेकावी लागते. म्हणून हा डबा. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "म्हणजे मला खुराड्यात घालून नेणार?" आत गादी आहे, अम्मा, मी म्हणालो. "कोंबडीलासुद्धा पेंढा घालतात, पोरा."

भिंत का अडकली ते मला पठाणाने सांगायच्या आधीच कळलं होतं. मी तुमचाच मुलगा, आणि एकदा याच चुकीसाठी तुमच्याकडून ऐकून घेतलं आहे. तुम्ही दोन वर्षांनी दोन महिन्यांसाठी घरी यायचात आणि पहिल्या आठवड्यातच हत्यारं काढायचात. त्या वर्षी स्वयंपाकघरातल्या फडताळाला दार करायचं होतं. मी सातवीत. शाळेची पट्टी घेऊन फडताळाची रुंदी वरच्या बाजूला मोजली आणि आकडा मोठ्याने सांगितला. तुम्ही त्याच आकड्यावर फळी कापलीत. दार वर बसलं, खाली बसेना. अम्मा भाकरी थापता थापता हसली. तुम्ही हसला नाहीत. "आकडा कुणाला विचारलास?" पट्टीला, मी म्हणालो. "दार कुणाला बसवायचंय? त्याला विचारलंस?" मग तुम्ही एक सरळ काठी घेतलीत, फडताळाच्या तोंडात वर, मध्ये, खाली आडवी धरलीत आणि तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने खूण केलीत. तीन खुणा, तिन्ही वेगळ्या. आकडा एकही नाही. चांगली फळी वाया गेली होती, सागाची. परत जाताना तुम्ही मला स्टीलचा टेप दिलात, जेद्दाहून आणलेला. "मला लागत नाही," म्हणालात. तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती.

म्हणून या वेळी पठाणाच्या दुकानामागे पडलेली एक सरळ लोखंडी पट्टी घेतली. चौकटीत आडवी धरून खुणा केल्या. एका टोकाला बोटभर फरक निघाला. पुढच्या शुक्रवारी नवीन पॅनेल त्या खुणांवर कापलं. भिंत निजली. तिच्यावर उरलेल्या दोन, त्यांवर छत आलं आणि कडी लागली. पठाणाने छतावर थाप मारली, "खलास." मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच एका डब्यावर बसलो आणि तो दुसरा कागद, अम्माच्या अंगठ्याचा, आठवत राहिलो.

तुमच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला तेव्हा मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. छातीत कळ आली आणि संपलं, तो म्हणाला. मग म्हणाला, घरी पाठवायचं तर कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, सह्या, कचेऱ्या, वीसेक दिवस. इथे दफन करायचं तर घरच्यांची संमती पाठवा, दोन दिवसांत होईल. संमतीचा कागद इंग्रजीत होता. घरात इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं. मी अम्माचा अंगठा घेतला. ती भिंतीला टेकून बसली होती, अंगठा मीच शाईत बुडवला, मीच कागदावर दाबला. कशाचा कागद, तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नंतर म्हणालो, तिथला कायदाच तसा आहे, बाहेर पाठवत नाहीत. मोहल्ल्यातले म्हणाले, नशीबवान, त्या मातीत गेला. ती मान हलवायची. तिला तुमचं तोंड बघायचं होतं. तेवढंच.

मी कोणाकोणाला विचारलं होतं त्या दिवशी? मौलवींना विचारलं, ते म्हणाले लवकर दफन करणं बरं. चुलत्यांना विचारलं. जिला विचारायला हवं होतं ती समोर बसली होती.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत होती म्हणून घाई केली. मुलाखत होती, हे खरं. पण कारण ते नव्हतं. वीस दिवस तिच्यासमोर बसून तुमची वाट बघायची मला भीती वाटली. इथे नोकरीला लागून नऊ वर्षं झाली. कामासाठी जेद्दाला चार वेळा गेलो. तुमच्याकडे एकदाही आलो नाही.

उद्या निघायचं आहे. व्हिसाचे बारा दिवस उरलेत. आत्ता ती बाहेर डब्याच्या दारात बसून भिंतीवर बोटाने टकटक करून बघते आहे. "घट्ट आहे," ती म्हणते. "तुझ्या अब्बांनी बघितलं असतं तर चार खोडी काढल्या असत्या." आज तिला सांगायचं ठरवून मी तीनदा बाहेर गेलो आणि तीनदा पाणी पिऊन आत आलो. हे पत्र कुठे टाकू, तेही कळत नाही. तुमच्या कबरीवर नाव नाही. तुमची ओळ कुठली, तेही मला कुणाला विचारावं लागेल.

पुढचं रस्त्याच्या कडेला बसून लिहितो आहे, अब्बा. सकाळी निघालो. दोन तासांनी रस्त्याच्या कडेला थांबलो, छत वर केलं, भिंती उभ्या केल्या. ती आडवी झाली तेव्हा मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. ती वर बघत होती. "किती दिवस लागले असते म्हणालास?" मी म्हणालो, वीसेक. "मी थांबले असते," ती म्हणाली. मग उठून मोटारीत गेली आणि सकाळपासून माझ्या शेजारी बसलेली ती आता मागच्या सीटवर बसली.