बाण विहाराकडेच

४ जुलै २०११, सोम.
आज माझ्यावर झालेला अन्याय इतिहासात नोंदला जावा म्हणून आधी तोच लिहिते. माझं बिस्किट चहात पडलं. बुडालं. चमचा मागितला, तर सभागृहात चमचा नाही. जिथे तालुक्याभरच्या शिक्षकांना आपत्ती व्यवस्थापन शिकवत होते, तिथे एका बिस्किटाला वाचवायची सोय नाही. डोळ्यांदेखत विरघळलं. साहेब स्लाइड दाखवत राहिले.
नंतर चिठ्ठ्या. प्रत्येक शाळेला एक आपत्ती. मॉडेल करा, मुलांना शिकवा, गावासाठी सराव घ्या, फोटो पाठवा. शेजारच्या गुरुजींना सुनामी. मला ज्वालामुखी. गोंदिया जिल्ह्यात! म्हटलं, साहेब, आमच्या गावात नदी शिरते, पूर द्या. "पूर गेला मॅडम, दुसऱ्या शाळेला." ती शाळा डोंगरावर आहे.

७ जुलै, गुरु.
सहावी-सातवी एकत्र. लाव्हा, राख, विवर. फळ्यावर लाल खडूने डोंगर झकास जमला. सातवीतली मनीषा: "मॅडम, हा आपल्याइथं कायले येईन? आपल्याइथं तं नदीच येते."
खरं आहे. समजा आला, म्हटलं, कुठे पळाल? सगळे एकदम. कुणी चिंचेवर, कुणी मामाच्या गावाला.
मागच्या पुरात मोठ्यांनीही याहून जास्त शहाणपणा केला नव्हता. सगळे मंदिरात गेले आणि सकाळी दोर टाकून काढावे लागले.

९ जुलै, शनि.
मॉडेल झालं. पोरांनी धानाच्या बांधीतली माती आणली. परकं गाव कुणी पाहिलेलं नाही, म्हणून डोंगराखाली आपलंच गाव मांडलं. काडेपेट्यांची घरं, तळं, मंदिर, शाळा. चढ-उतार अगदी खरे. त्याच रस्त्यांनी रोज सायकली ढकलतात. डोंगर कुठे? एकमताने नदीच्या जागी. "तिकडूनच येते न जी, जे येते ते."
सोडा, कुंकू, लिंबाचा रस. लाव्हा चमचाभर निघाला. पोरं हिरमुसली. सरपंचांचा नातू बंटी उठला आणि लाल पाण्याची बादलीच ओतली. तळं गेलं, मंदिर गेलं, शाळा गेली, बंटीचा स्वतःचा बंगला निम्मा गेला. कोरडं राहिलं ते मुरमाड टेकाडावरचं बुद्धविहार, मनीषाच्या मोहल्ल्यातलं.
टेकाडावर काही पिकत नाही म्हणून गावाने त्या लोकांना एके काळी तिकडे ढकललं. आता बुडायची वेळ आली की कोरडे तेच. असा विनोद मला जन्मात सुचला नसता.
बंटी: "मंग आपन सारे तिथंच जाऊ." ठरलं.

१२ जुलै, मंगळ.
शाळेच्या भिंतीवर नकाशा. मनीषाने गेरूने बाण काढला. खाली लिहिलं: घंटा वाजली की विहारात.
दुपारी सरपंच. "मॅडम, बाण थोडा मंदिराकडं फिरवून द्या न जी. एवढंच."
"फिरवते. पाणी तुम्ही फिरवा."
"तुम्ही तं आपल्यातल्याच. तुम्हाले काय सांगू."
आपल्यातल्या! म्हटलं, भाऊ, मागच्या पुरात मंदिरात पाणी किती होतं? "कमरेइतलं." मग देवालाच विचारा, त्याला तरी कुठे जायचंय.
मुख्याध्यापकांनी नंतर तोडगा काढला: दोन बाण काढा, दोघांचं मन राहील. विचारलं, पाण्यालाही दोन रांगांत यायला सांगू का सर? मग आवाज खाली आणून बदलीचं बोलले. देवरीकडे, पार जंगलात. "या वयात झेपेल का?"
तिकडेही शाळेला भिंत असेलच.

१५ जुलै, शुक्र.
बाण गेला. नकाशावर चुना, आणि इतका सफाईदार की एवढी वर्षं मागूनही शाळेला असा हात मिळाला नव्हता. कुणी केलं, कुणालाच ठाऊक नाही. सरपंचांचा गडी कोपरापर्यंत पांढरा, तोही हळहळला.
मनीषा रडली नाही. "मॅडम, रस्ता पाठ हाय तं भिंत कायले पाहिजे?"
उद्या सराव. होणार म्हणजे होणार.

१६ जुलै, शनि.
वरच्या, म्हणजे सरपंचांच्या आळीतलं (वरची ती मानाने, उंचीने नव्हे) एकही पोर शाळेत नाही. अख्ख्या आळीला एकाच दिवशी ताप. मु.अ.: रद्द करू. मी घंटा बडवली. मनसोक्त.
जी होती ती रांगेत निघाली. तळ्यापाशी पोचतो, तर वरच्या आळीतून बंटी. अनवाणी, हातात अर्धी पोळी. मागे दोघं, मागे अख्खा ताप. मीच शिकवलं होतं, घंटा वाजली की विचारायचं नाही, पळायचं. त्यांच्या मागे बंटीची आजी, म्हणजे सरपंचांची आई, काठी उगारून. "अरे कुठं पळून राहिला रे मुर्द्या!" टेकाड चढली आणि विहाराच्या पायरीवर बसलीच. धाप.
आता माझी कीर्ती. संकटाची तयारी शिकवणाऱ्या बाईने थेंबभर पाणी आणलं नव्हतं, खायला काही नाही. मनीषाची आई, सगुणाबाई, घरातली घागर घेऊन आली. मुरमुऱ्यांचा डबा पोरांपुढे पार झटकला. आजीपुढे लोटा धरला.
आजीने लोट्याकडे पाहिलं. खाली गावाकडे पाहिलं. पोरांचं चावणंसुद्धा थांबलं.
सगुणाबाई: "पाहून काय राहिली वो आजी, जहर नाही त्याच्यात."
"गार हाय का?"
प्याली. उरलेलं बंटीच्या डोक्यावर ओतलं. उतरताना माझ्या कानाशी: "कोनाले सांगजो नको, मास्तरीन." खाली अर्धं गाव माना वर करून उभं होतं.

१८ जुलै, सोम.
नोटीस. विनापरवानगी सराव, गावात तेढ. खुलासा मागितलाय. लिहिला: परिपत्रकाप्रमाणे ज्वालामुखीचा सराव घेतला, पोरं वाचली. मुख्याध्यापकांनी वाचून डोकं धरलं. तसाच पाठवला.
सरपंच रस्त्यात दिसले, मान वळवून गेले. आजीने पदराआडून हात हलवला.

२२ जुलै, शुक्र.
नदी पुलाला टेकायला आली. भिंत पांढरीच. बदलीचं काही कळत नाही. घंटा खरोखर वाजवावी लागली तर पोरं टेकाडावर जातील, एवढी खात्री. त्यांच्या आईबापांचं...
सकाळी घरून, फुलचूरहून, निघताना बाजारात मुरमुरे घेतले, फुटाणे घालून. शाळा सुटल्यावर टेकाडावर गेले. सगुणाबाई धानाच्या रोवणीला गेलेली. दाराला नुसती कडी. डबा ओसरीतल्या फळीवरच होता, रिकामा. काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं, आणि कुणी यायच्या आत उतरले.