डाव्या खांद्यातली गादी

धाकटे,

माझ्या भरवशावर ठेवलेल्या तुझ्या लेकीचा पाठीचा कणा एका बाजूला वाकला आहे, हे आज एक्स-रेत दिसलं, म्हणून लिहिते आहे. गिऱ्हाइकाचं व्यंग शिवणीत झाकण्यात माझा हातखंडा. तिचा डावा खांदा उतरलेला दिसला, तशी मी गणवेशात कापडाची गादी घातली. वर तिलाच रागावले.

"मावशी, मी ताठच उभी आहे गं!"

डॉक्टर म्हणाले, "उंची भराभर वाढण्याआधीच तज्ज्ञांना दाखवायचं होतं. वाट कसली पाहिलीत?"

आता पट्टा की शस्त्रक्रिया, ते तज्ज्ञ ठरवतील. फोनवर तुला तपासणीचं सांगेन. गादीचं सांगायला जीभ रेटणार नाही.

ताई

तज्ज्ञांकडे दिलं: एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तिच्या दोन्ही खांद्यांची वर्षभराची मापं, माझ्या अक्षरात.